तूप नको, तेल चालेल: मुंबईत पाच दिवस

मुंबईत व्हीगन माणसाला, म्हणजे दूध-तुपासकट प्राण्यांपासून आलेलं काहीच न खाणाऱ्याला, पोटभर खायला वेगळं हॉटेल शोधावं लागत नाही. बटाटावडा, मिसळ, इडली, भेळ, भाकरी, उसळ हे सगळं मुळातच बिनदुधाचं. दूध शिरतं ते शेवटच्या हाताला. पोळीवरून तुपाचा चमचा फिरतो, डोशावर बटरचा गोळा सरकतो, मिसळीवर दह्याचा डाव पडतो. तो हात फिरायच्या आधी सांगायचं, एवढीच खरी कसब.

सांगायचं काय, हे मात्र नीट ठरवून जावं. 'शुद्ध शाकाहारी' या पाटीचा दुधाशी काही संबंध नाही. 'जैन' म्हणालात तर कांदा, लसूण, बटाटा जाईल आणि पनीर तसंच राहील. 'उपवासाचं' म्हणजे तर तूप-दह्याचं राज्य. 'व्हीगन' म्हटलं की गल्ल्यावरचा माणूस मान डोलावतो, पण ती मान भटारखान्यापर्यंत पोचत नाही. म्हणून नावं घ्यायची: "तूप, लोणी, बटर, दही, दूध, पनीर, चीज नको. तेल चालेल." लोणी आणि बटर वेगवेगळं सांगायचं, कारण 'लोणी नको' म्हटल्यावर पिवळं बटर येऊ शकतं. 'तेल चालेल' हे शेपूटही महत्त्वाचं. ते नसलं तर आचारी समजतो की गिऱ्हाईक पथ्यावर आहे, आणि कोरडं, बेचव काहीतरी समोर येतं. निम्म्या मुंबईत हे हिंदीत सांगावं लागतं: "घी-बटर कुछ नहीं, तेल में बनाओ."

पाकीटबंद मालावरच्या हिरव्या ठिपक्यावरही विसंबू नये. त्यात दूध आणि मध दोन्ही बसतात. २०२२च्या नियमांनी आलेलं व्हीगन चिन्ह वेगळं आहे, हिरव्या रंगातलं इंग्रजी 'व्ही' अक्षर आणि त्यावर छोटं रोपटं. ते अजून मोजक्याच पाकिटांवर दिसतं, त्यामुळे घटकांची यादी वाचण्यावाचून सुटका नाही.

सोबत दोन स्टीलचे डबे हवेत, त्यातला एक रश्श्यासाठी घट्ट झाकणाचा. शिवाय एक सुती फडकं आणि एक चमचा. २०१८च्या प्लॅस्टिकबंदीनंतर आपला डबा पुढे केला तर कुणी वावगं मानत नाही. उलट डब्यात माप थोडं सढळ पडतं.

सोमवार: दादर

सुरुवात दादरला करायचं एक कारण म्हणजे माटुंग्यातली काही नावाजलेली उडुपी हॉटेलं सोमवारी बंद असतात. दुसरं कारण पोळीभाजी केंद्रं. त्यांच्याकडे येऊच.

सकाळी छबिलदास गल्लीत बटाटावडा. आत बटाटा, आलं, लसूण, मिरची, हळद आणि बाहेर बेसन. सुक्या चटणीत खोबरं, लसूण, तिखट. दुधाचा थेंब नाही. शंका घ्यायचीच तर पावाची घ्यावी. लादीपावात मैदा, यीस्ट, मीठ, चिमूटभर साखर आणि थोडं तेल किंवा वनस्पती असते. पण काही बेकऱ्या वरून चकाकी यावी म्हणून दुधाचा हात फिरवतात, काही पिठात दूध पावडर घालतात. वडेवाल्याला हे विचारून उपयोग नाही, त्याला ते माहीतच नसतं. पाव कुठल्या बेकरीतून येतो ते त्याला विचारावं आणि बाकीचं बेकरीत. एवढा खटाटोप नको असेल तर नुसता वडा आणि चटणी घ्यावी. वनस्पतीबद्दलही गैरसमज असतो. डालडा हे तूप नव्हे, घट्ट केलेलं वनस्पती तेल आहे. व्हीगन आहे, तब्येतीला चांगलं आहे असं मात्र नाही.

शिवसेना भवनाजवळच्या 'आस्वाद'ची मिसळ २०१५ साली लंडनमधल्या फूडी हब पुरस्कारांत जगातला सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थ ठरली. अशा मराठी उपाहारगृहातलं मेनूकार्ड वाचायची एक रीत आहे. मिसळ घ्यावी, पण दहीमिसळ नाही. कोथिंबीर वडी आणि अळूवडी निर्धास्त घ्यावी. थालीपिठाची भाजणी बिनधोक, पण लोण्याचा गोळा बरोबर येतोच, म्हणून त्याच्या जागी ठेचा मागावा. साबुदाण्याची खिचडी बहुधा तुपातली. साबुदाणा वडा चालतो, पण सोबतची पांढरी चटणी दह्यातली असते. मसालेभाताला फोडणी तेलाची असली तरी वाढताना वरून तूप पडतं. पियुष आणि खरवसाचा प्रश्नच नाही. कोकम सरबत आणि मोसमात पन्हं हे आपलं पेय.

मिसळ बांधून घ्यायची असेल तर चार भाग करायला सांगावं: उसळ, कट, फरसाण, कांदा-लिंबू. एकत्र बांधली तर दहा मिनिटांत फरसाणाचा लगदा होतो, आणि मग चव कितीही चांगली असली तरी ती मिसळ उरत नाही.

आता दुपार. रानडे रोड-गोखले रोडच्या आसपासच्या गल्ल्यांत पोळीभाजी केंद्रं आहेत, आणि व्हीगन माणसासाठी मुंबईतला सगळ्यांत चांगला दुपारचा डबा इथेच मिळतो. झगमगीत कॅफेत ओट्सच्या दुधाला जादा पैसे मोजणाऱ्यांना हे पटत नाही, पण एकदा तुलना करून पाहावी.

केंद्राच्या काचेच्या कपाटासमोर उभं राहून आधी पोळीचं विचारावं. कणकेत तेल असतं, घडीच्या पोळीच्या पदरातही तेलच. प्रश्न असतो तो तव्यावरून काढल्यावर काय लावतात याचा. रोज शेकडो पोळ्या लाटणाऱ्या ठिकाणी तूप परवडत नाही, त्यामुळे बहुतेकदा तेलच असतं. जिथे 'साजूक तुपातली पोळी' अशी पाटी दिसेल तिथे कोरी पोळी सांगून ठेवावी. भाकरीत पीठ आणि पाण्याखेरीज काही नसतं, म्हणून ती सगळ्यांत निर्धोक. पण बाजरीची भाकरी दोन-तीन तासांत कडक होते, लांबच्या डब्याला ती नको.

भाज्यांत सुक्या सगळ्या चालतात: बटाटा, फ्लॉवर, भेंडी, भरली वांगी. उसळींमध्ये मटकी, मूग, डाळिंब्या. घोटाळा होतो पातळ भाजीत. अळूचं फदफदं चिंच-गुळाचं असतं. पण पालक, चाकवत, आंबट चुका यांची पातळ भाजी पुष्कळदा ताक-बेसन लावून करतात, आणि शिजल्यावर ते नुसतं बघून ओळखता येत नाही. म्हणून एक प्रश्न पाठ करावा: "ताकातली की चिंचेची?" काउंटरवरच्या बाईंना तो लगेच कळतो, आणि गिऱ्हाइकाला स्वयंपाकातलं कळतं म्हणून उत्तरही सरळ येतं. कोशिंबीर दह्यातली असते. खमंग काकडीत दाण्याचं कूट आणि लिंबू असतं, तिची फोडणी तेलाची की तुपाची तेवढं विचारावं. आमटी चालते, कढी नाही.

एका माणसाला तीन पोळ्या, दीडशे ग्रॅम सुकी भाजी आणि वाटीभर उसळ पुरते. साडेअकरा ते एक ही वेळ धरावी. पालेभाजी आधी संपते, दीडनंतर बटाटा आणि कोबी उरतो. पोळ्या गरम असतील तर लगेच झाकण लावू नये. वाफ धरून खालची पोळी चिकट होते आणि दुपारी तिचे तुकडे हातात येतात. पाच मिनिटं फडक्यात गुंडाळून ठेवाव्यात, मग डब्यात.

मंगळवार: माटुंगा

दादरहून मध्य रेल्वेची धीमी गाडी, एकच स्टेशन. जलद गाडी इथे थांबत नाही, हे नवख्या माणसाला हमखास कुर्ल्याला पोचल्यावर कळतं. पूर्वेला उतरलं की स्टेशनजवळच रामाश्रय. १९४२ साली सुरू झालेलं रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंगही स्टेशनलगतच आहे. थोडं चालून माहेश्वरी उद्यानापाशी गेलं की कॅफे मद्रास आणि तिथून जवळच कॅफे म्हैसूर.

उडुपी स्वयंपाकाचा पाया तांदूळ, उडीद आणि नारळ. म्हणून सकाळी इथे आलेला व्हीगन माणूस अर्धी लढाई जिंकूनच बसलेला असतो. पण ज्या पदार्थांत दही-तूप लपलेलं असतं, ते नेमके नावावरून कळत नाहीत. साधी इडली निर्धोक, तर रवा इडलीच्या पिठातच दही. मेदुवडा चालतो, पण मंगळुरी बन आणि गोळीभजी दह्यात भिजवलेली असतात. नीर डोसा म्हणजे तांदूळ, नारळ, पाणी आणि मीठ. रवा डोशाच्या पिठात काही ठिकाणी ताक घालतात. पोंगल, शिरा आणि बिसीबेळे भात तुपाशिवाय होतच नाहीत, आणि पोडी, म्हणजे डाळी-मिरचीची कोरडी चटणी, लावलेली इडली तुपात घोळूनच येते. पोडी तेलात कालवून मागितली तर मिळते, आणि तिळाचं तेल असेल तर तूप आठवतही नाही. उपम्याला आणि रस्समला तुपाची फोडणी पडलेली असू शकते, तर सांबार बहुधा तेलाच्या फोडणीचं असतं. तिन्हींचं विचारून घ्यावं. अवियलात दही असतं. खोबऱ्याच्या चटणीला काही हॉटेलांत दाटपणासाठी दही लावतात. चटणी जास्तच पांढरी आणि किंचित आंबूस लागली तर समजावं, पण चाखून कळण्यापेक्षा आधी विचारलेलं बरं.

डोशाचं प्रकरण जवळून बघण्यासारखं आहे. लांबलचक तव्यावर आचारी पाण्याचा हबका मारतो, हिराच्या झाडूने तवा पुसतो, वाटीने पीठ ओतून गोल फिरवतो. मग चेपटलेल्या डब्यातून तेलाची धार कडेने सोडतो. इथपर्यंत सगळं ठीक. पुढच्या पाव मिनिटात त्याचा डावा हात बटरच्या भांड्याकडे जातो आणि एक ढेकूळ डोशाच्या मधोमध वितळायला लागतं. ऑर्डरीत नव्हतं, तरी हाताची सवय. म्हणून "तेलात" हा शब्द वेटरला एकदा ऑर्डर देताना आणि दुसऱ्यांदा त्याने ऑर्डर परत म्हणून दाखवल्यावर सांगावा. म्हैसूर मसाला डोसा सोडूनच द्यावा. लाल चटणी, भाजी आणि बटर तव्यावरच एकत्र ठेचतात, त्यातून बटर काढलं तर चव आणि पोत दोन्ही जातं. शेजारच्या डोशाचं बटर वाहत येऊन आपल्या कडेला लागतं, तेही चालत नसेल तर डोशाच्या वाटेला न जाता इडली किंवा वडा घ्यावा. ते तव्यावर होतच नाहीत.

फिल्टर कॉफीचं डिकॉक्शन, म्हणजे दाट कोरा अर्क, आधीच काढून ठेवलेलं असतं. पाऊण पेला गरम पाणी, पाव पेला डिकॉक्शन आणि साखर, असं सांगितलं की वेटर जरा चमकून बघतो, पण आणतो.

दुपारी केळीच्या पानावरचं जेवण. पानाचा एक फायदा थाळीत नाही. इथे एकेक पदार्थ समोर वाढला जातो, तेव्हा नको त्या पदार्थाला पानावर हात आडवा धरून तिथल्या तिथे नाही म्हणता येतं. कोसंबरी (भिजवलेल्या डाळीची बिनदह्याची कोशिंबीर), नारळ घातलेली पल्या म्हणजे सुकी भाजी, सांबार, भात आणि पापड एवढ्यावर पोट टम्म भरतं. दही-ताकाच्या वाट्या आधीच मांडलेल्या असतील तर लगेच परत द्याव्यात, म्हणजे कुणाच्या तरी कामी येतात. पायसम बहुतेकदा दुधाचं. ते कधी गूळ-नारळाचं असलं तरी वर तुपात तळलेले काजू असतात.

इथून बांधून न्यायचं असेल तर इडली हा राजा. गार झाली तरी चार-पाच तास टिकते. डोसा बांधूच नये, पंधरा मिनिटांत घामेजून चामडं होतो. नीर डोसा मऊच असल्यामुळे त्याला त्रास नाही, पण गरम गरम एकावर एक ठेवले तर चिकटतात, चौघडी घालून गार होऊ द्यावेत. खोबऱ्याची चटणी ही डब्यातली सगळ्यांत नाजूक गोष्ट. मुंबईच्या उन्हात तीन तासांत आंबते, आणि एप्रिल-मेमध्ये त्याहूनही लवकर. चार तासांनी खायचं असेल तर तिच्या जागी पोडी आणि तेल न्यावं.

बुधवार: फोर्ट

कचेऱ्यांचा भाग. एक ते दोन या वेळात रांगा असतात, आणि रांगेत सूचना द्यायला कुणालाच वेळ नसतो. साडेबाराला किंवा सव्वादोनला जावं.

सीएसएमटीसमोरच्या पंचम पुरीवाल्याकडची पुरी-भाजी हा सोपा मार्ग. पुरी तेलात तळलेली, बटाट्याची रस्साभाजी, बाकीचे जोडपदार्थ मागितले तरच. केरळी खाणावळ दिसली तर पुट्टू-कडला मागावा: तांदळाचं पीठ, ओलं खोबरं आणि काळे चणे. तोरन, म्हणजे खोबरं घातलेली सुकी भाजी, आणि नारळाच्या दुधातलं ओलन चालतं. काळन आणि पच्चडी दह्यातली. मासे करणाऱ्या खाणावळीत डाव-भांडी सामाईक असतात, याचा निर्णय ज्याचा त्याने करावा.

फुटपाथवरचं बॉम्बे सँडविच वाचवता येतं, पण वेळेत बोललं तर. सँडविचवाला ब्रेड हातात घेताच पहिलं काम करतो ते बटर लावायचं. तो स्लाइस काढायच्या आत म्हणावं, "बटर नको, दोन्ही बाजूंना चटणी." बटर हे पाण्याला अडवणारं अस्तरही असतं. ते नसलं की काकडी-टोमॅटोचं पाणी ब्रेडमध्ये उतरतं. म्हणून बटाट्याच्या चकत्या दोन्ही स्लाइसना लागून लावायला सांगाव्यात, आणि काकडी, बीट, टोमॅटो, कांदा मधे. बांधून घेतलं तर अर्ध्या तासात खावं. ग्रिल करायचं असेल तर बाहेरूनही बटर लागतं, आणि यंत्राला आधीचं लागलेलंच असतं. साधं बरं. ब्रेडच्या पाकिटावर दूध पावडर आहे का तेही पाहून घ्यावं, गाडीवर पाकीट समोरच पडलेलं असतं.

पावभाजीच्या तव्यासमोर वास कितीही छळो, पुढे चालावं. "बिना बटर" म्हटल्यावर फक्त वरचा गोळा वगळला जातो. तव्याच्या कडेला रचलेल्या भाजीत बटर आधीच मुरलेलं असतं.

टपरीवरचा चहा दुधासकटच उकळलेला असतो, त्यात कोरा मागून मिळत नाही. लेमन टीवाला गाठावा.

गुरुवार: काळबादेवी, गिरगाव, चौपाटी

काळबादेवीतली गुजराती थाळी प्रसिद्ध, आणि करणाऱ्यांचा हातही उत्तम, पण व्हीगन माणसाने तिच्या फंदात पडू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. रोटलीला आतूनच तूप लागून येतं. कढी, छास, श्रीखंड किंवा बासुंदी, दह्यातलं फरसाण असा बराच मोठा भाग बाद होतो, आणि पैसे पूर्ण थाळीचे. त्यापेक्षा फरसाणाच्या दुकानातून बांधून घ्यावं. पात्रा, म्हणजे आपली अळूवडीच, चिंच-गुळाची. पिवळं खमण बरेच जण लिंबूफुलावर फुगवतात, पांढरा ढोकळा आंबट दह्यात किंवा ताकात भिजवलेला असतो. दुकानदाराला "दही है क्या" एवढं विचारणं पुरे. खांडवी आणि पानकी ताका-दह्याच्या, हांडवा दह्याचा, आणि निरुपद्रवी दिसणारा थेपलासुद्धा मऊ राहावा म्हणून दह्यातच मळतात. खिचू मात्र तांदळाचं पीठ, जिरं आणि वरून कच्चं तेल.

डिसेंबर-जानेवारीत उंधियु किलोवर मिळतो. कोनफळ, सुरती पापडी, रताळं, छोटी वांगी, ओली लसूणपात आणि भरपूर तेल. फक्त मेथीच्या मुठियांत दही आहे का विचारावं. अर्धा किलो दोघांना पोळीबरोबर पुरतो.

संध्याकाळी चौपाटीला भेळ. बांधून न्यायची तर कुरमुरे-शेव, बटाटा-कांदा-कैरी आणि दोन्ही चटण्या वेगवेगळ्या. कालवल्यावर पाच मिनिटांत संपवायची. शेवपुरी, पाणीपुरी, रगडा पॅटिस चालतं, नावात दही असलेलं काही नाही. बर्फाचा गोळा साधा काला-खट्टा, मलईचा नव्हे.

शुक्रवार: ठाणे आणि परतीचा डबा

सकाळी ठाण्याची मामलेदार मिसळ. जुन्या मामलेदार कचेरीवरून नाव पडलं. तिखटाची सवय नसेल तर कमी तिखट मागावी, कारण इतरांसारखं दही घालून ती शांत करायचा मार्ग आपल्याला नाही. लिंबू आणि जादा कांदा मागून घ्यावा. पाण्याने आग वाढते, पावाने कमी होते.

मग परतीचा डबा, आणि इथेच जाणती माणसंही फसतात. प्रवासाचे म्हणून जे मराठी पदार्थ पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले आहेत, ते टिकावेत आणि मऊ राहावेत म्हणून दूध-दह्यातच भिजवायची पद्धत आहे. दशमी दुधातली. धपाटे पुष्कळदा दह्यातले. गूळपोळीला तूप. केंद्रावर "प्रवासाला काय देता?" असं विचारलं की हेच पुढे येतं. त्याऐवजी तिखट-मिठाच्या पुऱ्या घ्याव्यात, मोहन तेलाचं आहे याची खात्री करून. त्या दोन दिवस राहतात. बटाट्याची भाजी कांदा न घालता, अगदी सुकी घ्यावी. कांदा घातलेली संध्याकाळपर्यंत वास मारते. उसळ आणि रस्सा रात्रीच्या गाडीत नकोच.

गोडाला राजगिऱ्याचा लाडू, शेंगदाण्याचा लाडू, फणसपोळी किंवा आंबापोळी. चिक्की घेताना पाकीट उलटून पाहावं, काही जण थाळीला आणि वरून तुपाचा हात लावतात. चकलीच्या पाकिटावर बटर लिहिलेलं नाही ना, तेही बघावं. चिवडा चालतो.

शेंगदाण्याची सुकी चटणी शंभर ग्रॅम घ्यावी आणि सोबत छोट्या बाटलीत चार चमचे कच्चं तेल. ही चटणी दह्यात कालवायची सवय अनेकांना असते, पण कच्च्या शेंगदाणा तेलात कालवलेली पुरीबरोबर जास्त खुलते. बाटलीचं झाकण कल्याणच्या आत एकदा तपासावं. तेल सांडलं की पहिल्यांदा फडकं भिजतं, आणि मग त्यातल्या पुऱ्या.